औषधाच्या दोन सायकली झाल्या, रक्तातल्या पेशी आणखी खाली गेल्या: इंजेक्शनं थांबवायची का?

"डॉक्टर मॅडम, आम्ही करवीर तालुक्यातले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. वय 69. चाळीस वर्षं त्यांनी गुऱ्हाळ चालवलं. मागच्या दिवाळीपासून त्यांना दम लागायला लागला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तपासण्यांत एमडीएस (मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, हाडांतल्या मॅरोत रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार) निघालं, त्यातही हाय रिस्क. अ‍ॅझासायटिडीनची इंजेक्शनं सुरू केली, महिन्यातून सात दिवस, पोटावर. अशा दोन सायकली, म्हणजे दोन फेऱ्या, झाल्या. आधी प्लेटलेट 62 हजार होत्या, आता 28 हजारांवर आल्यात. दोनदा रक्त चढवलं. डे केअर बंद म्हणून मधे दोन दिवस खंडही पडला. रिपोर्टमध्ये टेट-2 आणि एएसएक्सएल-1 ही जीन बिघडल्याचं लिहिलंय. माझ्या मुलांनाही हे होईल का? चुलत भावानं हळदीची एक महागडी पावडर आणलीय. तो म्हणतो, हा आजार 'एपिजेनेटिक' आहे, खाण्यापिण्यानं जीन बंद-चालू होतात, मग या विषारी सुया कशाला? अण्णाही म्हणतात, सुया बास आता. त्यांना मुंबईला न्यावं का? काय करू? – अण्णांची थोरली"

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. पेशी खाली गेल्या एवढ्याच कारणासाठी इंजेक्शनं थांबवू नका. या औषधाचा गुण यायला वेळ लागतो. किमान सहा सायकली झाल्याशिवाय ते लागू पडतंय की नाही हे ठरवू नये, असं रक्तविकाराचे डॉक्टर मानतात. मधल्या काळात आजार उघडउघड वाढताना दिसला किंवा औषध अजिबात सोसेनासं झालं, तर गोष्ट वेगळी, आणि ते तुमचे डॉक्टर तपासून सांगतील. पण पहिल्या दोन-तीन सायकलींत आकडे घसरणं हे अपेक्षितच असतं.

मी कोल्हापुरात पॅथॉलॉजिस्ट म्हणून तीस वर्षं रक्ताच्या स्लाईड पाहिल्या. 1998 मध्ये माझ्या सख्ख्या मामांची स्लाईड मीच मायक्रोस्कोपखाली धरली होती. आजार अण्णांचाच. तेव्हा आमच्या हातात रक्त चढवणं आणि ताप आला की अँटिबायोटिक देणं याशिवाय काही नव्हतं. पिशव्या मोजत आम्ही दीड वर्ष काढलं. म्हणून आज जेव्हा कुणी म्हणतं की औषध आहे पण दोन महिन्यांत फरक नाही म्हणून सोडतो, तेव्हा माझा जीव खालीवर होतो.

आता कारणं. हे अण्णांनाही वाचून दाखवा, कारण त्यांना ते तुमच्याआधी कळेल.

गुऱ्हाळात काहिलीत रस चढवला, भेंडीचं पाणी घालून मळी काढली आणि जाळ लावला की रस घट्ट होत जातो. लवकर उतरवला तर काकवी, पाक नेमका साधला तर गूळ. रस तोच असतो, काहील कुठे उतरवायची हे गुळव्या ओळखतो. आपल्या हाडांच्या पोकळीत, बोन मॅरोत, रक्ताच्या मूळ पेशी अशाच पक्व होत जातात आणि कुणी लाल पेशी होते, कुणी पांढरी, कुणाच्या प्लेटलेट बनतात. एमडीएसमध्ये पाकच साधत नाही. पेशी अर्धवट अवस्थेत अडकतात आणि बऱ्याचशा मॅरोतच मरून जातात. म्हणून काहील भरलेली दिसते, पण ढेप पडत नाही: मॅरोत गर्दी आणि रक्तात दुष्काळ. त्या गर्दीत अगदी कच्च्या पेशी, ज्यांना ब्लास्ट म्हणतात, वाढत वाढत 20 टक्क्यांवर गेल्या की त्याला अक्यूट ल्युकेमिया, म्हणजे वेगानं वाढणारा रक्ताचा कर्करोग, म्हणायचं. अण्णांचं तिथवर जाऊ द्यायचं नाही, यासाठी ही इंजेक्शनं आहेत.

मग पेशीला पाक कुठवर न्यायचा हे सांगतं कोण? शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो, सगळा ताणून धरला तर साधारण दोन मीटर लांब. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात मावतो कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. दोरा जिथे घट्ट गुंडाळला तिथली जनुकं वाचली जात नाहीत, जिथे सैल सोडला तिथली वाचली जातात. कुठे घट्ट, कुठे सैल, हे डीएनएवर आणि रिळांवर लावलेल्या बारीक रासायनिक खुणा ठरवतात. त्या खुणा लावणारी प्रथिनं वेगळी, पुसणारी वेगळी आणि खुणा वाचून पुढचं काम करणारी आणखी वेगळी. जनुकातलं अक्षर न बदलता ते वाचायचं की नाही हे ठरवणारी ही सगळी व्यवस्था म्हणजे एपिजेनेटिक्स. कर्करोगात, आणि एमडीएसही त्याच जातीचा आजार, कधी अक्षर बिघडतं, कधी ही व्यवस्था, आणि बऱ्याचदा या व्यवस्थेतल्या प्रथिनांचीच अक्षरं बिघडतात.

अण्णांच्या रिपोर्टमधली दोन्ही नावं याच व्यवस्थेतली आहेत. टेट-2 हे डीएनएवरची 'मिथाइल' नावाची खूण काढायला सुरुवात करणारं प्रथिन. ते बिघडलं की नको तिथल्या खुणा तशाच राहतात. एएसएक्सएल-1 हिस्टोनवरच्या खुणा नीट ठेवणाऱ्या टोळीला हात देतं. या दुसऱ्या नावाकडे डॉक्टर जास्त गंभीरपणे बघतात, हे तुमच्यापासून लपवणं बरोबर होणार नाही. अण्णांना हाय रिस्क म्हणण्यामागे त्याचाही वाटा असू शकतो.

म्हणजे तुमचा चुलत भाऊ 'एपिजेनेटिक' म्हणतोय ते खोटं नाही. पण पोटावरची ती सुई हेच नेमकं एपिजेनेटिक औषध आहे.

अण्णांच्या गूळ अडत्याच्या पेढीवर दिवाळीच्या पाडव्याला नव्या वह्यांची पूजा होत असणार. जुन्या खतावणीत ज्या खात्यांवर 'बंद' असा शेरा असतो, तो दिवाणजी नव्या वहीत उतरवून घेतात. पेशीचंही असंच. एका पेशीच्या दोन होतात तेव्हा डीएनएची नवी प्रत बनते आणि डीएनएमटी-1 नावाचं प्रथिन जुन्या धाग्यावरच्या मिथाइल खुणा बघून नव्या धाग्यावर तशाच उतरवतं. अण्णांच्या बिघडलेल्या पेशींत पेशीला पक्व करणाऱ्या आणि तिची बेसुमार वाढ रोखणाऱ्या काही खात्यांवरही, म्हणजे जनुकांवरही, 'बंद' पडलेलं असतं, आणि हा दिवाणजी इमानेइतबारे ते पिढ्यान् पिढ्या उतरवत राहतो. अ‍ॅझासायटिडीन डीएनएच्या एका अक्षरासारखं दिसतं. प्रत बनताना ते नव्या धाग्यात शिरतं. खूण लावायला आलेला डीएनएमटी-1 त्याला चिकटून अडकतो आणि पेशी त्या अडकलेल्या प्रथिनाची विल्हेवाट लावते. दिवाणजीच नाही, मग शेरा उतरवणार कोण? नवा धागा कोरा राहतो.

पण जुना धागा अजून शेऱ्यासकट तिथेच आहे ना! पेशी पुन्हा विभागली की खुणा निम्म्या होतात, आणखी एकदा विभागली की आणखी कमी. शिवाय ज्या पेशी त्या सात दिवसांत विभागल्या नाहीत, त्यांच्यात औषध शिरतच नाही. त्या पुढच्या महिन्यात सापडतील, काही त्याच्या पुढच्या. म्हणून सात दिवस औषध आणि बाकीचे दिवस विश्रांती, असं 28 दिवसांचं चक्र पुन्हा पुन्हा फिरवायचं. गुण सावकाश येण्याचं कारण औषधाच्या कामाच्या पद्धतीतच आहे.

हे शहाणपण सहजासहजी आलेलं नाही. अ‍ॅझासायटिडीन 1964 मध्ये प्रागच्या प्रयोगशाळेत तयार झालं. सुरुवातीला ते इतर केमोसारखं, पेशी मारण्यासाठी मोठ्या मात्रेत वापरून पाहिलं आणि रुग्णांना ते सोसेना. 1980 मध्ये पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी दाखवलं की या औषधाखाली वाढवलेल्या उंदराच्या भ्रूणपेशी चक्क स्नायूंच्या पेशी बनतात, आणि त्याचं कारण म्हणजे मिथाइल खुणा गळून पडतात. मला आजही या प्रयोगाचं नवल वाटतं. ज्याला विष म्हणून बाजूला ठेवलं होतं, त्याची मात्रा उतरवली तर ते पेशीला तिचं विसरलेलं काम आठवून देऊ शकतं. त्यानंतरही एमडीएससाठी अमेरिकेत मान्यता मिळायला 2004 उजाडलं. 2009 मध्ये 358 रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. सगळे हाय रिस्कचे. अ‍ॅझासायटिडीन घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी सुमारे निम्मे हयात होते, त्या काळचे नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी साधारण पाव.

हा आकडा वाचून तुमच्या पोटात गोळा येईल, कारण निम्मे म्हणजे सगळे नाहीत. हे औषध आजार मुळापासून काढत नाही. मुळापासून बरं होण्याची शक्यता फक्त बोन मॅरो प्रत्यारोपणात असते आणि 69 व्या वर्षी त्याचा विचार प्रकृती बघून, फार जपून करावा लागतो. पण रक्ताच्या पिशव्या कमी लागणं, अंगात ताकद येणं, ल्युकेमियाकडे जाणारी वाट लांबणं, यांतलं काही ना काही बऱ्याच रुग्णांना मिळतं.

मग आकडे घसरतात ते का? अण्णांच्या रक्तातल्या थोड्याफार पेशी आज मुख्यतः बिघडलेल्या मॅरोतूनच येतायत. औषध त्या पेशींना दाबतं, काहींना सरळ मारतंही. चांगल्या पेशींना जागा मिळून त्या वर येईपर्यंत मधे एक खड्डा पडतो. तुम्ही आत्ता त्या खड्ड्यात उभ्या आहात. रक्त आणि प्लेटलेट चढवून या काळातून माणसाला पार करायचं असतं. मधल्या दोन दिवसांच्या खंडाची काळजी सोडा. पाच दिवस, मग दोन दिवस सुट्टी, मग राहिलेले दोन, अशी पद्धत जगभर वापरतात.

पावडरीविषयी थोडं कडक बोलते. आमटीतली हळद अण्णांना खुशाल द्या, सांगलीची हळद आपल्या घरात नसेल तर कुठे असेल! पण महिन्याकाठी हजारो रुपये घेऊन 'जीन चालू करते' म्हणून विकलेल्या पावडरीचा त्या हळदीशी संबंध नाही. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेच्या ताटलीत या प्रथिनांवर परिणाम करताना दिसतं हे खरं, पण पोटातून ते रक्तात फारच कमी उतरतं. ते जास्त उतरावं म्हणून मिरीचा अर्क घालून केलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. डबीवर काय लिहिलंय त्यापेक्षा आत काय आहे हा प्रश्न मोठा. काही भस्मयुक्त औषधांत शिसं सापडलेलं आहे आणि शिसं रक्तच बिघडवतं.

दुसरं, 'चांगली जनुकं चालू, वाईट बंद' हा हिशेब इतका सरळ नाही. ईझेडएच-2 नावाचं प्रथिन घ्या. काही लिम्फोमांत (लसिका ग्रंथींच्या कर्करोगांत) ते जास्त जोरात काम करतं, म्हणून त्याला अडवणारं टॅझेमेटोस्टॅट औषध 2020 मध्ये अमेरिकेत मान्य झालं. एमडीएसच्या काही रुग्णांत तेच ईझेडएच-2 निकामी झालेलं असतं. एका ठिकाणी ज्याला रोखायचं, तेच दुसरीकडे कमी पडतंय. व्होरिनोस्टॅट हे हिस्टोनवरच्या खुणा पुसणाऱ्या प्रथिनांना अडवणारं औषध 2006 मध्ये त्वचेच्या एका लिम्फोमासाठी मान्य झालं. कागदावर ते अ‍ॅझासायटिडीनला उत्तम जोडीदार वाटत होतं. एमडीएसमध्ये दोन्ही एकत्र देऊन बघितली आणि जास्त फायदा झाला नाही. ज्याची शुद्धता, मात्रा, परिणाम सगळं माहीत आहे त्या औषधाची ही गत. मग एकाच डबीनं सगळ्यांची जनुकं नीट होतात, यावर मी कसा विश्वास ठेवू? भावाला दुखवू नका. त्यानं ती मायेपोटीच आणली आहे. डबी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि त्याला सोबत न्या, तो स्वतः ऐकेल.

मुलांविषयी. टेट-2 आणि एएसएक्सएल-1 मधले हे बदल अण्णांच्या रक्तपेशींत या आयुष्यात, बहुधा म्हातारपणी झालेले असतात. ते आईबापांकडून आलेले नसतात आणि लेकरांकडे जात नाहीत. सत्तरीपुढच्या दहातल्या एखाद्या माणसाच्या रक्तात असे बदल सापडतात आणि त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही. घरात आणखी कुणाला, विशेषतः तरुण वयात, रक्ताचा असा आजार झाला असेल तरच डॉक्टरांना सांगा. नाहीतर तुमच्या मुलांच्या तपासण्यांवर पैसे घालू नका. आणि 'आम्ही काय चुकलो' हे पत्रात नसलं तरी ओळींमधून मला ऐकू आलं. चुकलं काही नाही.

आता घरातलं. इथे तुमच्या हातात पुष्कळ आहे.

ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं आणि तिथे पहिलं वाक्य म्हणायचं, "अ‍ॅझासायटिडीन चालू आहे, पांढऱ्या पेशी कमी आहेत." पहिली अँटिबायोटिक जितकी लवकर जाईल तितकं बरं. थर्मामीटर, फाईल आणि दोन कपडे असलेली पिशवी दाराजवळ भरून ठेवा.

गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची अण्णांना सवय असेल, या वयाच्या किती जणांना आहे! ते आता पूर्ण बंद. दूध उकळूनच. तांबडा-पांढरा रस्सा, भाकरी, भात, वरण, घरचं गरम जेवण सगळं चालेल. उघड्यावर कापलेली फळं, बाहेरची कच्ची कोशिंबीर नको. गुऱ्हाळावर जायचा हट्ट ते करणारच. अंगणात लांब खुर्ची टाकून बसू द्या, पण चिपाडाच्या ढिगाजवळ नाही. ओलसर चिपाडात बुरशी धरते आणि पांढऱ्या पेशी कमी असताना ती फुप्फुसात गेली तर फार जड जातं. पेशी अगदीच खाली असतील त्या आठवड्यात तेवढंही नको. प्लेटलेट 28 हजार असताना गुडघे दुखले म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मऊ ब्रश वापरा. डोकं अचानक भयंकर दुखलं, शौच काळी झाली, अंगावर लाल ठिपके उठले, तर लगेच दाखवा.

मुंबईला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण अ‍ॅझासायटिडीन परळला दिलं काय आणि कोल्हापुरात दिलं काय, औषध तेच. एकदा टाटा मेमोरियलचं मत घ्या, हवं तर फाईल पाठवून ऑनलाइन घ्या, त्यांची तशी सोय आहे. प्रत्यारोपणाविषयी तिथेच स्पष्ट विचारा. मात्र त्यासाठी इथली सायकल चुकवू नका, आणि पेशी इतक्या कमी असताना महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या गर्दीत रात्र काढण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत या उपचारातलं काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला कागद दाखवून विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र मला खटकली. एवढ्या मोठ्या पत्रात अण्णांचं एकच वाक्य आहे: सुया बास आता. ते का म्हणतायत, हे कुणी विचारलंय का? पोटावर लाल गाठी येऊन दुखतायत म्हणून? त्याला उपाय आहे, रोज जागा बदलायची आणि दुखऱ्या जागेविषयी नर्सला सांगायचं. मळमळ होते, पोट साफ होत नाही म्हणून? त्याचीही औषधं आहेत, डॉक्टरांना नुसतं सांगायला हवं. की लेकीचा पैसा आणि सुट्ट्या जातायत म्हणून? की खरोखरच त्यांना आता रुग्णालय नको आहे? हे शेवटचं असेल तर तोही त्यांचा हक्क आहे, आणि मग बोलणं वेगळं करावं लागेल. पण निर्णय त्यांनी सगळं कळून घ्यावा. आज त्यांना बहुधा एवढंच माहीत आहे की सुया टोचतात आणि रिपोर्ट खराब येतात.

संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. पाक साधत नसताना जाळ काढून घेतला तर काहिलीतल्या रसाचं काय होतं, हे त्यांनाच विचारा आणि मग सहा सायकलींचं सांगा. ते काय म्हणाले, मला कळवा.